आधी तीन मिनिटं नुसतं उभं राहा: ताईची-चीगोंग नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

‘ताईची’ हा शब्द आमच्या गल्लीत मी पहिल्यांदा उच्चारला, तेव्हा शेजारच्या आप्पांनी लगेच विचारलं, “ताईची? मग दादाची कोणती?” सात वर्षं झाली, हा विनोद काही जुना व्हायला तयार नाही. धुळ्यात, अमळनेरात, शहाद्यात, कुठेही सुरू करा, हा प्रश्न येणारच. हसायचं आणि आपलं चालू ठेवायचं.

त्या ‘ची’चा घोळ मात्र एकदा निस्तरून घ्या. ‘ताईची’तला ‘ची’ आणि ‘चीगोंग’मधला ‘ची’ हे चिनी भाषेत दोन निराळे शब्द आहेत. पहिल्याचा उच्चार ‘जी’कडे झुकतो आणि अर्थ होतो टोक, परमसीमा. दुसऱ्याचा उच्चार ‘छी’कडे झुकतो, त्याचा अर्थ वाफ, हवा, श्वास आणि त्यातूनच पुढे जीवनशक्ती. म्हणजे ताईचीच्या नावात शक्ती-बिक्ती काही नाही. ती मुळात लढण्याची विद्या आहे. हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात १७व्या शतकात तिची बांधणी झाली आणि यांग लुछान (१७९९–१८७२) यांनी ती बीजिंगला नेली. तिच्या दोन बहिणी आहेत. शिंगयी सरळ रेषेत पुढे घुसते आणि तिचे पाच मूळ ठोसे चिनी पंचतत्त्वांच्या नावाने ओळखले जातात. बाग्वा गोल चालत खेळतात, आपल्या खळ्यात मेढीभोवती बैल फिरतात तसं. या तिघींना मिळून ‘अंतर्गत’ कला म्हणतात, कारण स्नायूंच्या जोरापेक्षा शरीराची ठेवण, सैलपणा आणि लक्ष यांवर त्यांची मदार असते.

चीगोंग हे श्वास, ठेवण आणि लक्ष एकत्र साधणाऱ्या शेकडो व्यायामांचं मोठं गाठोडं आहे. नाव आजच्या अर्थाने रुळलं ते १९५०च्या दशकात, पण व्यायाम फार जुने. चीनमधल्या मावांगदुई इथे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली एक कबर १९७३ साली उघडली, तेव्हा तिच्यात रेशमावर रंगवलेली ४४ माणसं सापडली; कुणी वाकतंय, कुणी हात ताणतंय. ताओ या जुन्या चिनी पंथाच्या साधकांनी हीच परंपरा दीर्घायुष्यासाठी पुढे वाढवली.

इतिहास इतका पुरे. मी तीस वर्षं शाळेत फळ्यासमोर उभा राहिलो आणि निवृत्त झाल्यावर मला कळलं की मला उभं राहताच येत नाही. हा लेख त्या अनुभवातून लिहितोय. माझा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पहिले तीन महिने सुंदर हातवाऱ्यांच्या मागे लागू नका. उभं राहायला शिका, मग जागेवर हलायला, मग चालायला. हा क्रम उलटा केला की काय होतं, ते माझ्या उजव्या गुडघ्याला विचारा. त्याची हकीगत पुढे येईल.

सुरू करण्याआधी

हृदयविकार, औषधाने आटोक्यात न आलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन, चक्कर येण्याचा त्रास, स्लिप डिस्क, ठिसूळ हाडं किंवा गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. “उभ्याने करायचा संथ व्यायाम, गुडघे किंचित वाकवून, श्वास न रोखता” एवढं सांगितलं की त्यांना कळतं. साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अगदी रिकाम्या पोटी करू नये. दोन बिस्किटं, अर्धं केळ काहीतरी पोटात असू द्या. बाकीच्यांनी जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत. रात्री शेवभाजीवर ताव मारलेला असेल तर सकाळी शरीर स्वतःच सांगतं, आज नको.

जागा सपाट हवी. गच्ची, ओटा, अंगण, जुन्या घराचं धाबं, काहीही चालेल. धाबं असेल तर कडेपासून चार हात आत उभं राहा. फरशी गार असेल तर पातळ, सपाट तळव्याचे कापडी बूट घाला. स्पंजची स्लीपर नको. तिच्यात पाय डुगडुगतो. कपडे सैल. आमच्याकडच्या बायका साडीवरच करतात आणि छान करतात. चटई नको, पायात गोळा होते.

उभं राहणं

याला चिनी भाषेत ‘जान ज्वांग’ म्हणतात. शब्दशः अर्थ, खुंटासारखं उभं राहणं. वांग शियांगजाय (१८८५–१९६३) या गुरूंनी ठरीव हालचालींचे संच बाजूला सारून हे उभं राहणंच आपल्या शिकवणीचा पाया केलं.

पाय खांद्याइतके लांब ठेवा, पंजे जवळजवळ समांतर. गुडघ्यांची कुलपं उघडा. वाकवायचे नाहीत, फक्त ताठ ठेवायचे नाहीत. कुलूप लावून दहा मिनिटं उभं राहिलेला माणूस प्रार्थनेच्या रांगेतल्या पोरासारखा धाडकन पडू शकतो. शाळेत मी अशी पोरं उचललेली आहेत. आता कंबर खाली सोडा. बसायला पाटाकडे निघालात, पण अजून टेकला नाहीत, इतकीच. डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर भरली घागर आहे असं समजा: टाळू वर, हनुवटी जराशी आत, मान लांब. जीभ टाळूला हलकेच टेकलेली, ओठ मिटलेले, डोळे अर्धे उघडे. वजन टाचेवरही नको आणि बोटांवरही नको. पूर्ण तळव्यावर पसरू द्या.

पहिल्या आठवड्यात हात बाजूलाच लोंबू द्या. दुसऱ्या आठवड्यापासून मोठा माठ कवेत घेतल्यासारखे गोल करा, आधी बेंबीच्या उंचीवर, मग छातीसमोर. खांद्याच्या वर कधीच नाही. काखेत एखादं लिंबू मावेल एवढी जागा ठेवा.

हात कसे असावेत हे मला कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नाही. ते मला खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईने शिकवलं, आणि तिला ते ठाऊकही नाही. पुरण भरलेला उंडा ती हातांवर घेते आणि मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवत नेते. तिचे खांदे बघा: खाली. कोपर जड, पण पडलेलं नाही. हात गोल, आणि त्यात ताठरपणा म्हणाल तर शून्य. खांदा वर गेला की मांडा फाटतो आणि हात गळाला तरीही फाटतो. चिनी गुरू ज्याला ‘सुंग’ म्हणतात तो हाच सैलपणा. लोळागोळा होणं निराळं आणि सुंग निराळं. लग्नात किंवा सणाला कुणाकडे मांडे होत असतील तर पाच मिनिटं चुलीजवळ उभं राहून बघा, मग घरी येऊन माठ कवेत घ्या.

पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं. मोबाइलवर गजर लावा आणि तो उपडा ठेवा, नाहीतर दर वीस सेकंदांनी बघाल. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. तीन महिन्यांत दहा-बारा मिनिटांपर्यंत आलात तरी भरपूर झालं. मांड्या थरथरतील, तळहात गरम होतील, बोटांत मुंग्यांसारखं वाटेल, जांभया येतील, कधी पोटात गुडगुडेल. याला लगेच ‘शक्ती जागृत झाली’ म्हणू नका. रक्ताभिसरण आणि थकलेले स्नायू एवढ्यानेही हे सगळं घडतं. पण गुडघ्यात कळ, छातीत दाब, डोकं हलकं होणं किंवा पाय बधिर होणं यांपैकी काही झालं तर लगेच थांबायचं आणि बसायचं. छातीचा दाब बसूनही जात नसेल तर सरळ दवाखाना गाठायचा.

आणि खाजवलं तर खाजवा. पुतळ्याची स्पर्धा नाही ही.

श्वासाशी झटापट नको

नाकाने घ्या, नाकाने सोडा, आवाज नको. पोट आपोआप किंचित फुगेल, किंचित बसेल. बेंबीच्या खाली तीन-चार बोटं, जरा आत, तिथे ‘दानत्येन’ आहे असं ही परंपरा मानते. अर्थ ‘अमृताचं शेत’. शेतकऱ्याच्या पोराला यापेक्षा चांगला शब्द कोण देणार? लक्ष तिथे ठेवायचं म्हणजे तिथे डोळे वटारायचे नाहीत. पाणी सोडलेल्या शेताच्या बांधावर आपण बसतो ना, तसं सहज असावं.

आपल्याकडे अडचण येते ती प्राणायाम येणाऱ्यांना. सवयीने ते श्वास मोजतात, रोखतात, कुंभक लावतात. प्राणायामाला माझा विरोध नाही, मी स्वतः करतो. पण दोन पाककृती एकाच पातेल्यात नकोत. इथे श्वास रोखायचा नाही. तसंच, पाठीच्या कण्यातून शक्ती वर चढवून पुढून खाली उतरवण्याची जी ताओपंथी साधना आहे, ज्याला सूक्ष्म परिक्रमा म्हणता येईल, ती व्हिडिओ बघून करू नका. एकट्याने जबरदस्तीने केल्यावर झोप उडालेली, डोकं जड झालेली, घाबरगुंडी उडालेली माणसं असतात, आणि चिनी गुरूही याबद्दल बजावतात. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर या वाटेला मुळीच जाऊ नका. उभं राहणं, हलणं, चालणं भरपूर आहे.

आठ प्रकार

महिनाभर उभं राहून झालं की ‘बादुआनजिन’ला हात घाला. नावाचा अर्थ ‘जरीच्या कापडाचे आठ तुकडे’. सोंग राजवटीपासून, म्हणजे साताठशे वर्षांहून अधिक काळ हा संच चालत आलाय. आठही एका दिवशी शिकायचे नाहीत. आठवड्याला एक किंवा दोन. प्रत्येक सहा वेळा, पूर्ण संचाला बारा-पंधरा मिनिटं लागतात.

पहिला: दोन्ही हातांची बोटं पोटाशी गुंफून वर न्या, डोक्यावर तळवे आभाळाकडे वळवून ढकला, क्षणभर थांबा, मग हात बाजूंनी पालवीसारखे खाली. चिनी वैद्यक धडाचे तीन कप्पे मानतं आणि या तिन्हींचा ताळमेळ याने राहतो असं म्हणतं. मला एवढंच ठाऊक आहे की कापूस वेचून वाकलेल्या पाठीला हे फार आवडतं. वेचणीच्या दिवसांत माझी वहिनी बाकी सगळं सोडून फक्त हेच करायची.

दुसरा धनुष्य ओढण्याचा. पाय फाकवून थोडं बसायचं, एका हाताने धनुष्य धरायचं, दुसऱ्याने प्रत्यंचा ओढायची, नजर पुढच्या बोटावर. धनुष्य आपल्याकडच्या भिल्ल भावंडांना शिकवायला नको. नंदुरबारकडच्या एका तरुणाने माझी उभं राहण्याची पद्धत बघून सरळ सांगितलं, “सर, कोपर फार वर गेलं.” बरोबर होतं त्याचं.

तिसऱ्यात एक हात वर, एक खाली, उलट दिशांनी दाब. चौथ्यात सावकाश मागे वळून बघायचं. मानेचा मणका दुखत असेल तर निम्मंच वळा, आणि आधी डोळे, मग मान, असा क्रम ठेवा.

पाचवा सगळ्यांत दिसायला भारी आणि सगळ्यांत धोक्याचा: रुंद बैठकीत बसून डोकं आणि माकडहाड झुलवायचं. पन्नाशीच्या पुढच्यांनी बैठक उंच ठेवा, हात मांड्यांवर टेका आणि झोका छोटा घ्या. चक्कर येणाऱ्यांनी हा सोडून द्यावा, काही बिघडत नाही. सहाव्यात पाठ, कंबर, पाय यांवरून हात फिरवत पावलांपर्यंत वाकायचं. कंबरेचा त्रास असेल तर गुडघ्यांपर्यंतच, रक्तदाब असेल तर डोकं खाली लटकवू नका. सातव्यात मुठी वळून, डोळे रोखून संथ ठोसे. यात लोक दात-ओठ खातात आणि श्वास अडकवतात. नको.

आठवा सोपा: टाचा उचलायच्या आणि हलकेच खाली सोडायच्या, सात वेळा. चिनी भाषेत याचं नाव असं की सात वेळा हादरलं की शंभर रोग पळतात. शंभर नाही पळत. हाडं ठिसूळ असतील तर टाच आपटू नका, अलगद टेकवा. तोल जात असेल तर भिंतीला एक हात लावा.

सगळ्या हालचालींचा वेग एकसारखा. जुने लोक म्हणतात, रेशीमकिड्याच्या कोशातून धागा ओढल्यासारखं हला: झटका दिला की तुटतो, थांबलात की गुंततो. आपल्याकडे रेशीम कुठून आणायचं? देवाच्या वाती वळणारी आजी बघा. कापूस चिमटीत, बोटं सावकाश, धागा तुटत नाही. आणि जोर किती? रुपयातले बारा आणे. हात जेवढा ताणता येतो, पाय जेवढा वाकतो, त्याच्या बारा आणेच खर्च करायचे. चार आणे रोज शिल्लक ठेवायचे.

चालणं, आणि माझा गुडघा

ताईचीतली खरी अवघड गोष्ट चालणं आहे. सगळं वजन डाव्या पायावर घ्या. उजवा इतका रिकामा हवा की खालून कुणी कागद ओढला तरी निघेल. मग उजवी टाच पुढे टेकवा, पण वजन देऊ नका. तळवा टेकला की मगच वजन हळूहळू पुढे ओता. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने जायला हवा आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये. वळायचं असेल तर आधी त्या पायावरचं वजन काढा, मग पाय वळवा, मग वजन परत द्या.

हे शेवटचं वाक्य मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. एका मोठ्या शहरात दोन दिवसांच्या शिबिराला मी हौसेने गेलो. पंचवीस-तीस जण, पुढे एक शिक्षक, दोन दिवसांत पंधरा-सोळा हालचाली, खोल बैठका आणि शेवटी फोटो. मी भरल्या पायावरच गुडघा वळवत होतो. कुणी बघितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण शिक्षकाने विद्यार्थ्यासारखं विचारायचं म्हणजे लाज. परतीच्या एस.टी.तून उतरताना गुडघा सुजलेला. पुढचे चार महिने जिना चढताना कठडा धरला. त्या चार महिन्यांत मी फक्त उभा राहिलो, तेवढंच जमत होतं, आणि खरं शिक्षण तेव्हा झालं.

शिकवणारा कसा शोधायचा

जळगाव-धुळ्याला कराटे-तायक्वांदोचे वर्ग सहज मिळतात, ताईचीचे फारसे नाहीत. कुणी सापडलं तर पहिल्या दिवशी फक्त बसून बघा. शिक्षक विद्यार्थ्यांचे गुडघे बघतो का? म्हाताऱ्याला आणि पोराला एकच बैठक लावतो का? “मी हात न लावता रोग बरा करतो” किंवा “गोळ्या बंद करा” म्हणत असेल तर चपला घालून निघा. कोणी नसेल तर व्हिडिओ चालेल, पण बादुआनजिनपुरताच आणि एकच व्हिडिओ. रोज नवा शोधत बसू नका. महिन्यातून एकदा घरच्यांकडून बाजूने स्वतःचं चित्रीकरण करून घ्या. पहिलं बघताना लाज वाटेल, मला वाटली.

हालचालींचा लांब संच शिकायचाच असेल तर यांग शैलीचा २४ हालचालींचा संच नवशिक्यांसाठी बरा. तो चीनमध्ये १९५६ साली सर्वसामान्यांसाठी मुद्दाम सुटसुटीत करून बांधला. सहा महिन्यांनंतर घ्या.

फायदा किती खरा? २०१२ मध्ये पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, १९५ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा असा २४ आठवडे ताईची करणाऱ्यांचा तोल नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षा सुधारला आणि पडणंही कमी झालं. २०१६ मध्ये गुडघ्याची झीज असलेल्या २०४ जणांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी ताईचीचा गुण फिजिओथेरपीइतकाच आला. म्हाताऱ्या माणसांचा तोल आणि गुडघा, इथे पुरावा भक्कम आहे. मधुमेह पळतो, कॅन्सर विरघळतो असं कोणी सांगितलं तर त्यांच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवू नका. गोळी डॉक्टरांनी सुरू केली, बंदही तेच करतील.

आपल्या हवेत

पुस्तकी सल्ला थंड प्रदेशातला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा मी सव्वापाचला धाब्यावर असतो आणि पाण्याच्या टाकीवर ऊन पडायच्या आत खाली उतरतो. त्या दिवसांत बैठका आणखी उंच, वेळ निम्मा आणि आधी एक तांब्या पाणी. उन्हं डोक्यावर आल्यावर करायचं असेल तर घरात, पंख्याच्या झोताबाहेर. घाम आलेल्या अंगाला वारा लागू देऊ नये हे चिनी म्हाताऱ्यांचं आणि माझ्या आईचं एकमताने सांगणं आहे. डिसेंबरात धुळ्याची पहाट कडाक्याची असते. कान झाका, आधी पाच मिनिटं अंगणात चाला, सांधे गरम झाले की मग उभे राहा. पावसाळ्यात ओट्यावर, पण शेवाळ बघून.

संपवताना एकदम मोबाइल उचलू नका. दोन्ही हात बेंबीखाली एकावर एक ठेवा, नऊ-दहा श्वास होऊ द्या, तळवे घासून चेहऱ्यावरून फिरवा, मग दहा पावलं चाला.

कानबाईच्या सणाच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलं की चार-पाच दिवस बुडतात. नंतरच्या दिवशी मागची थकबाकी भरायला पंचवीस मिनिटं उभे राहू नका. पुन्हा पाच मिनिटांपासून सुरुवात करा. गेल्या वर्षी असाच पाचव्या दिवशी पुन्हा उभा राहिलो तर पाहुण्यांतला एक पोऱ्या समोर येऊन थांबला. “काय करी ऱ्हायना आजोबा?” म्हटलं, काही नाही रे, उभा आहे. तो जरा वेळ बघत राहिला आणि मग शेजारी तसाच उभा राहिला, गुडघे सैल सोडून, माझ्यापेक्षा नीट.